बाबांचा कामावरचा फोटो

बाबा निवृत्त व्हायला तीन आठवडे राहिले तेव्हा आईने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. "हे इतकी वर्षं आत कुठे बसतात, ते मला एकदा बघायचंय. नुसता फोटो दाखवलास तरी चालेल." मेथी निवडत होती, मानही वर केली नाही. मागितलं ते माझ्याकडे, कारण बाबांकडून कामाबद्दल शब्द काढणं किती अवघड आहे हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

बाबा तारापूरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर होते. नोकरीसाठी कराडकडून इकडे आले, बोईसरला कॉलनीत क्वार्टर मिळालं, मग आई आली, मग मी झाले. चौतीस वर्षं त्यांनी शिफ्ट केल्या. आत कॅमेरा नेता येत नाही, आणि पुढे मोबाइल आले तेव्हा तेही गेटवर ठेवायचे झाले. त्यामुळे आमच्या घरी बाबांचे जेवढे फोटो आहेत तेवढे सगळे सुट्टीतले. लग्नातला मुंडावळ्या बांधलेला, माझ्या पहिल्या वाढदिवसाला मला अवघडून कडेवर धरलेला, महाबळेश्वरला घोड्याशेजारी उभं राहून काढलेला. घोड्यावर नाही, शेजारी. ज्या कामात सगळं आयुष्य गेलं त्या कामावरचा फोटो एकही नाही. आईला ठाऊक होती ती फक्त शिफ्टची बस. कोपऱ्यावर थांबायची, बाबा चढायचे, बस वळायची. त्यापुढचं तिचं सगळं अंदाजाने चालायचं. एकदा घरच्या माणसांना आत नेऊन दाखवलं होतं, तेव्हा आई नटूनथटून गेली आणि चार इमारती बाहेरून बघून परत आली. बाबांची खोली त्या वाटेवर नव्हती.

आता निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं होतं. पालघरला माझ्या घराजवळ दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, तिथे यायचं. म्हणजे ती बससुद्धा दिसणार नव्हती. आईची घाई मला समजत होती.

कॉलनीत हल्ली कोणी निवृत्त झालं की निरोपाच्या कार्यक्रमात स्लाइड शो असतोच. आधी हार, मग शाल-श्रीफळ, मग दोन माणसं एकच भाषण वेगवेगळ्या शब्दांत करतात, आणि मग मुलं दिवे घालवून फोटो दाखवतात. मी असे आठ-दहा तरी पाहिलेत. लग्नातला काळ्या केसांचा माणूस पुढच्याच स्लाइडला पांढऱ्या केसांचा होऊन केळव्याच्या सहलीत भेळ खात असतो. मधली तीस वर्षं गायब. मी ठरवलं, माझ्या बाबांचं असं होऊ द्यायचं नाही. मधली वर्षं इंटरनेटवरून आणायची. जगात वीजकेंद्रं काय कमी आहेत? कोणी ना कोणी आतल्या खोलीचा फोटो टाकलाच असेल. तो आणायचा, बाबांकडून खात्री करून घ्यायची आणि आईला म्हणायचं, हे बघ, असं असतं.

मी पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते. कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या स्लाइड माझ्याच हातच्या. हा माझा तोरा आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. पण नेमकी त्याच महिन्यात माझ्या लॅपटॉपची सिस्टीम बदलली होती. जुनी त्याच्या वयाला झेपेना. चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप धुवून ठेवावा, तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. शेवटी आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी त्यावर लिनक्स घालून दिलं. फुकट आणि हलकं. लॅपटॉप तरुण झाला हे खरं, पण मी एका दिवसात अडाणी झाले. नव्या सुनेला सासरच्या स्वयंपाकघरात डबे सापडू नयेत तसं झालं माझं. मीठ म्हणून हात घालावा तर साखर निघायची.

जुन्या सिस्टीममध्ये इंटरनेटवरच्या चित्राला कॉपी म्हणायचं, स्लाइडवर येऊन पेस्ट म्हणायचं, की झालं. इथे पेस्ट केलं तर कधी काहीच यायचं नाही, कधी चित्राऐवजी त्याचा लांबलचक पत्ता येऊन बसायचा. काही चित्रांच्या बाबतीत तर 'हा प्रकार वाचता येत नाही' असं तोंडावर उत्तर. सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, चित्र आधी फोल्डरमध्ये सेव्ह करा, मग स्लाइडमध्ये इन्सर्ट करा. प्रत्येक चित्र." प्रत्येक चित्रासाठी एवढा प्रपंच करायला मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर सरांचं ऐकायची इच्छाही नव्हती. खटपट करता करता मला एक आडवाट सापडली. इंटरनेटच्या पानावरचं चित्र माउसने धरायचं आणि ओढत आणून थेट स्लाइडवर सोडायचं. बसलं की छान. मोठं, स्वच्छ, जिथल्या तिथे. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. त्या ओढून आणण्यात काय गोम होती ते पुढे कळलं.

रविवारी स्कूटरवरून उमरोळीमार्गे बोईसरला यायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि दुपारी दिवाणावर लॅपटॉप उघडायचा, असे दोन रविवार गेले. बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसायचे. आई खाली भाजी घेऊन. मी चित्र दाखवायची. बाबा चष्मा नाकावर सरकवून बघायचे आणि म्हणायचे, "हं."

"असंच असतं का आत?"

"असतं वेगवेगळं."

"पण तुमच्याकडे?"

"ते सांगता येत नाही."

नोकरीला लागताना त्यांनी सही करून दिली होती की आतलं बाहेर बोलणार नाही. त्या कागदात जेवढं लिहिलं असेल त्याच्या दुप्पट त्यांनी पाळलं. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की तुमच्या खोलीचा रंग कोणता, तर म्हणाले, "तू अभ्यास केलास का?" त्यामुळे मी आता त्यांचा 'हं' वाचायला शिकले. लांबलेला 'हं' म्हणजे साफ चूक. तोकडा 'हं' आणि लगेच पेपरात डोकं, म्हणजे जवळपास आहे. एका परदेशी चित्रात मात्र त्यांचा तोल गेला. बटणांच्या पॅनलवर कोणीतरी कॉफीचा कप ठेवला होता. "पॅनलवर कप?" बाबा ताठ बसले. "कोण आहे तो माणूस?" त्या बिचाऱ्याला हाताशी सापडला असता तर बाबांनी मेमोच दिला असता. ते चित्र मी मुद्दाम ठेवलं.

दुसऱ्या रविवारी एक चित्र आलं, त्यात पॅनलसमोर बसलेल्या माणसाने स्वेटर घातला होता. आई गवार मोडत होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या भट्टीत स्वेटर घालून बसलाय. डोकं फिरलंय की काय."

पेपराच्या मागून बाबा म्हणाले, "गार असतं आत."

मला वाटतं, बोलून गेल्यावरच त्यांच्या लक्षात आलं असावं. आईचे हात थांबले. आईची चौतीस वर्षं अशी समजूत होती की वीज म्हणजे आग, आग म्हणजे धग, आणि आपला नवरा रोज त्या धगीसमोर बसतो. म्हणून ती रोज डब्याबरोबर ताकाची बाटली द्यायची, जिरं लावून, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. बाबांना कायम सर्दी असायची. त्याचा दोष ती तारापूरच्या खाऱ्या हवेला द्यायची, आणि संध्याकाळी आलं-तुळशीचा काढा करून पाजायची. सकाळी ताक, संध्याकाळी काढा, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललं होतं.

"गार म्हणजे?" आईने विचारलं.

"एसी असतो. यंत्रांसाठी."

"मग तुम्ही काय घालता?"

"स्वेटर आहे. लॉकरमध्ये असतो."

"कुठला स्वेटर?"

"आहे एक करडा. स्टेशनसमोरून घेतला होता."

आईने त्या माणसाचा रुमालसुद्धा कधी दुसऱ्या कोणाला धुऊ दिला नव्हता, आणि त्याचा एक स्वेटर होता जो तिने पाहिलेला नव्हता. ती म्हणाली, "आणि ताक?"

"प्यायचो की."

"गारठ्यात?"

"तू दिलेलं. टाकून कसं देणार?"

"मला सांगायचं नाही का?"

"आतलं बाहेर..."

"आत गार आहे, एवढंसुद्धा?"

बाबांनी पेपराची घडी केली. पुन्हा उलगडली. म्हणाले, "एक सांगितलं की दुसरं सांगावंसं वाटतं."

मी आधी हसले होते. मग आईचे डोळे भरलेले दिसले आणि मला बाबांचा खूप राग आला. इतका नियम काय कामाचा, की घरच्या बाईला थंडी-उकाड्याचा पत्ता लागू नये? मी तसं बोलणारही होते, पण आई गवारीचं ताट उचलून आत गेली. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी ऐकू आली. बाबा त्या संध्याकाळी दोनदा उगाचच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले.

सोमवारी डब्याच्या पिशवीत ताकाची बाटली नव्हती. थर्मास होता, त्यात आल्याचा चहा. बाबांनी झाकण उघडून वास घेतला आणि बसकडे गेले. हे मला आईनेच फोनवर सांगितलं. राग गेलेला होता, पण मागणी आता पक्की झाली होती. म्हणाली, "मला आता बघायचंच आहे. माझ्या डोक्यात ते चौतीस वर्षं चुकीच्या जागी बसलेत."

त्यानंतर मी जिद्दीला पेटले. ग्रंथालयातलं काम संपवून दुपारी रोज तास-दीड तास शोधायची. आणि एके दिवशी, कुठल्याशा बातम्यांच्या जुन्या पानावर, तो फोटो सापडला. आमच्याच केंद्राचा. कोणी पाहुणे भेटीला आले होते तेव्हाचा, बाहेरून खास बोलावलेल्या फोटोग्राफरने काढलेला. मागे पॅनलची भिंत आणि पुढे दोन ओळींत उभी असलेली माणसं. मागच्या ओळीत डावीकडून तिसरा माणूस डाव्या हाताने उजवं मनगट धरून, मान जराशी कलती ठेवून उभा होता. चेहरा करंगळीच्या नखाएवढा, हेल्मेटखाली अर्धा झाकलेला. पण बाबा देवळात असेच उभे राहतात. बँकेत असेच उभे राहतात. माझ्या शाळेच्या बक्षीससमारंभात मागच्या भिंतीशी असेच उभे असायचे. मी ग्रंथालयातच रडले. एका प्राध्यापिकेने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बाबा सापडले. तिला वाटलं कोणी हरवलं होतं.

तो फोटो मी माझ्या आडवाटेने ओढत आणून शेवटच्या स्लाइडवर सोडला. बाबांना सांगितलं नाही, त्यांनी दाखवू दिला नसता. आईला सांगितलं, "शेवटी तुझ्यासाठी आहे. आतला. खोलीतला."

"हे आहेत त्यात?"

"आहेत."

तिने त्याच दिवशी कपाटातली जांभळी इरकल काढून इस्त्रीला दिली.

कार्यक्रम कॉलनीतल्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. मी तीन वाजताच लॅपटॉप घेऊन पोचले. खुर्च्या मांडायला बाबांचे एक जुने सहकारी आले होते, दांडी गावचे, म्हणून आमचे दांडीचे काका. घर कोळ्यांचं, भाऊ अजून बोटीवर जातात, हे मात्र केंद्रात लागले आणि बावीस वर्षं बाबांच्याच शिफ्टला, त्यांच्याच खोलीत होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. येताना बाबांसाठी सुक्या बोंबलांची पुडी घेऊन आले होते आणि तिचा वास सगळ्या हॉलभर झाला होता.

मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. लग्नाचे फोटो आले. वाढदिवसाचा आला. घोडा आला. आणि पुढे, जिथून बाबांचं काम सुरू व्हायचं तिथून, एकामागून एक रिकाम्या चौकटी. प्रत्येकीच्या कोपऱ्यात छोटी फुली आणि खाली इंग्रजी पत्त्याची ओळ. बारा चित्रं, बाराच्या बारा गेलेली.

मी एकेक चौकट पुन्हा उघडून तिच्याखालची ओळ वाचली. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. ओढून आणलं ते चित्र नव्हतंच, नुसता चित्राचा पत्ता होता. घरी इंटरनेट चालू असायचं, म्हणून स्लाइड उघडली की लॅपटॉप दर वेळी त्या पत्त्यावर जाऊन चित्र आणून दाखवायचा. आणि हॉलच्या त्या जाड भिंतींत नेटवर्कची एक काडीही धड टिकत नव्हती. काकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही मी हेच समजावून सांगितलं.

काका म्हणाले, "म्हणजे दोरी तुमच्या हातात हाय, मासा अजून दर्यातच."

मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. मी लॅपटॉप उचलून बाहेर आले. फाटकापाशी नेटवर्क होतं. तिथल्या कट्ट्यावर बसून मोबाइलवरून इंटरनेट घेतलं आणि एकेक चित्र पुन्हा शोधून आधी फोल्डरमध्ये सेव्ह केलं, मग स्लाइडमध्ये इन्सर्ट केलं. तिथे 'लिंक' म्हणून एक चौकोन होता, त्यातली खूण काढून टाकली. सरांनी सांगितलं होतं अगदी तेच, तसंच. तासाभरात अकरा झाली.

बारावं झालं नाही. ज्या पानावर तो फोटो होता ते पानच उघडेना. 'हे पान सापडत नाही.' मी दहा वेळा उघडून पाहिलं, पंधरा वेळा. गेल्या आठवड्यात होतं, आता नव्हतं. त्यांनी काढून टाकलं असेल नाहीतर हलवलं असेल, कोणाला विचारणार? शोधाच्या यादीत तेवढी त्या फोटोची छोटीशी प्रत राहिली होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी. ती घेतली. मोठी करून पाहिली तर चेहऱ्यांचे चौकोन व्हायला लागले. मग तशीच ठेवली, भल्यामोठ्या पांढऱ्या स्लाइडच्या मधोमध एवढीशी. माझ्या आळसाने आणि माझ्या तोऱ्याने आईचा फोटो घालवला होता. पाच मिनिटांचं काम होतं. तो सापडला त्या दिवशी सेव्ह केला असता तर हे झालं नसतं.

सहाला आई इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली होती. बाबा मंचावर, हारात मान अवघडलेली. भाषणं झाली. दिवे गेले. लग्नाच्या फोटोला शिट्टी पडली, घोड्याला टाळ्या. मग माझी इंटरनेटवरची चित्रं सुरू झाली. हॉलमधले निम्मे लोक आतलेच, आणि सगळ्यांनीच सह्या करून दिलेल्या. पहिल्या चित्राला अंधारातून एक लांबलेला 'हं' आला. मग दुसरा. मग सगळा हॉल एका सुरात 'हं' म्हणायला लागला. पॅनलवरच्या कपाला तर चार-पाच माणसं अर्धवट उठून उभी राहिली. बाबासुद्धा हसले. मी मात्र शेवटच्या स्लाइडची वाट बघत होते आणि ती येऊच नये असंही वाटत होतं.

ती आली. पांढऱ्या पडद्यावर मधोमध एवढासा फोटो. आई जागेवरून उठली आणि सरळ पडद्यापाशी गेली. तिची सावली फोटोवर पडली, तशी ती बाजूला सरकली.

"कुठे आहेत?"

मी पुढे होऊन बोट लावलं. "मागच्या ओळीत. डावीकडून तिसरे. हात बघ ना, मनगट कसं धरलंय."

आईने नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून पाहिलं. तेवढ्यात मागून दांडीचे काका म्हणाले, "बाय, तो साहेब नाय. तो मी हाय."

हॉल हसला. मी म्हटलं, असं कसं, हात बघा. काका उठून उभे राहिले. डाव्या हातात उजवं मनगट, मान जराशी कलती. "बावीस वर्षं साहेबांच्या बाजूला उभा रायलो," ते म्हणाले. "कोणी कोणाचं उचललं, माहीत नाय."

आई हसली नाही. "मग हे कुठे आहेत?" तिने काकांना विचारलं.

"साहेब फोटोत नाय, वैनी. फोटोवाला आला, सगळ्यांना रांगेत बोलावलं. पण खुर्ची रिकामी सोडता येत नाय, कोणीतरी बसायलाच लागतो. साहेब बोलले, तुमी जा सगळे, मी बसतो." काका दोन पावलं पुढे आले. "त्याच दिवशी नाय. दर टायमाला तेच बसायचे. आमच्या ज्या फोटोत साहेब नाय, त्या टायमाला ते खुर्चीवर होते."

आता कोणी हसत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते हारातली फुलं बघत होते. त्यांना फोटोत शोधण्यात मी तीन आठवडे घालवले होते. मला माझी लाज वाटली, आणि बाबांचा अभिमान वाटला.

आई मात्र मुद्द्यावरून हलली नव्हती. "पण बसायचे कुठे?" ती म्हणाली. "मला ते बघायचं होतं."

काकांनी मंचाकडे पाहिलं. "साहेब, आतलं काय नाय सांगत. खुर्ची कुठे होती एवढं दाखवायला काय हरकत हाय?"

बाबांनी बराच वेळ विचार केला. खरोखरच विचार केला, त्यांचा नियम मोडतो का ते तपासत असावेत. मग मान हलवली. काकांनी आणि आणखी दोघांनी मिळून हार-तुऱ्यांचं टेबल रिकामं केलं आणि मोकळ्या भिंतीपाशी नेलं. पावलं मोजून खुर्ची मांडली. तेवढ्यात बाबा स्वतः मंचावरून खाली आले, गळ्यातला हार काढून कोणाच्यातरी हातात दिला, आणि ती खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली.

"इथे," ते म्हणाले.

आई जाऊन बसली. दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. समोर नुसती भिंत होती, ती बघत राहिली. कोणीतरी दिवे लावायला निघालं होतं, त्याला काकांनी हाताने थांबवलं.

"खिडकी नाही?" आईने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"बाहेर पाऊस आहे का ऊन, कळायचं नाही?"

"बाहेर आल्यावर कळायचं."

"आणि आठ तास इथेच?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "आठ कुठले, वैनी. पुढचा माणूस आल्याबिगर उठायचं नाय. तो येणार, बाजूला बसणार, सगळं समजून घेणार. मग तो बोलणार, 'मी हाय, जा तुमी.' तवा उठायचं. नाय कोणी आला तर परत आठ तास."

बाबांच्या उशिरावरून आमच्या घरात किती भांडणं झाली होती ते आईला आणि मला ठाऊक होतं. गार झालेल्या पोळ्या, माझे चुकलेले वाढदिवस, आणि दर वेळी बाबांचं एकच उत्तर, "निघता आलं नाही." आई त्यावर म्हणायची, बसा मग तिथेच.

आई भिंतीकडे बघत तशीच बसून राहिली, मला वाटतं मिनिटभर तरी. मग तिने पदर सावरला, खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली. मान न वळवता, समोर बघतच ती बाबांना म्हणाली, "मी आहे. जा तुम्ही."

बाबा तिच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. शिफ्ट देताना जे म्हणायचं असतं ते म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे," आणि रडायला लागले.